मधला कॅल्क्युलेटर

मोहफुलं पडायला लागली की भिलाईत परीक्षा सुरू होतात. सकाळी झाडाखाली ओली, पिवळट फुलं अन् त्यांचा डोक्यात चढणारा गोड वास. दुपारी लाल धुळीचा वारा. कोहक्यातल्या आमच्या घराच्या खिडकीवर बोट फिरवलं की गेरूत बुडवल्यासारखं निघते. खोलीत नात पाठ करत बसलेली असते. मयुरी माझ्या मुलाची, प्रदीपची मुलगी, इंजिनीअरिंगला आहे. घरात मराठी सुरू करते अन् वाक्य संपेपर्यंत हिंदीत जाते.

परवा ती टाचणी शोधत होती. तिच्या आजीचं कपाट उघडलं अन् काळ्या कव्हरातला एक कॅल्क्युलेटर काढून आणला. चांगला वीतभर लांब.

"आजोबा, ये किसका है?"

"तुह्या आजीचा."

"इतना बड़ा? आजी ने खुद पसंद किया था?"

मी म्हटलं, "हो."

ती गेली, पुन्हा पाठ करायला लागली. तो 'हो' मात्र तेव्हापासून मला सोडत नाही.

विमलला जाऊन दीड वर्ष झालं. मी चौथी पास. माझं लिहिणं थोडंफार सुधारलं ते तिच्यामुळं. बोलताना 'मले' म्हणा, लिहिताना 'मला' लिहा, एवढं तिनं शिकवलं. तेवढ्यावर हे लिहून राहिलो. चुकलं तर ब्लेडनं खरवडायला आता ती नाही.

ब्लेडचं सांगतो. विमल भिलाईच्या स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर होती. ड्राफ्ट्समननं पेन्सिलनं नकाशा काढायचा, ट्रेसरनं त्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं तीच रेष ओढायची. मग अमोनियाच्या वाफेवर त्याच्या कॉप्या निघायच्या. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या पदराला अमोनियाचा झोंबणारा वास असायचा. बाकीच्यांच्या बायकांच्या पदराला फोडणीचा, माझ्या बायकोच्या पदराला अमोनियाचा. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा ठिपका कायमचा. पीठ मळताना तो ठिपका कणकेत दिसायचा अन् पुन्हा वर यायचा. ट्रेसिंगमध्ये रेष चुकली तर ती अर्धं ब्लेड घेऊन शाई खरवडायची, इतकी हलकी की कागद फाटत नव्हता, अन् वरून नखानं घासून द्यायची. कॉपी निघाली की कुणाला कळायचं नाही. पण ती स्वतः म्हणायची, उजेडावर धरलं का दिसते. खरवडलेली जागा पातळ होते.

मी खलाशी होतो. जहाजावरचा नव्हे, प्लांटमधला. जड सामान तारेच्या दोरानं, साखळीनं उचलायचं, जागेवर बसवायचं. आमच्या कामाचा एक नियम. जेवढं वजन, त्याच्या सहापट दमाचा दोर घ्यायचा. मोठा दोर लहान वजन उचलते, लहान दोर मोठं उचलत नाही. हा नियम माझ्या हाडात होता, अन् तोच मी जिथं लावायचा नाही तिथं लावला.

वजनाचा अंदाज मला जमायचा, पण एखादा वाकडातिकडा पाइप, एखादी जाड प्लेट आली की फसायचो. मग संध्याकाळी विमलला मापं सांगायचो. ती भाजी चिरता चिरता कागदाच्या तुकड्यावर मांडायची. लोखंडाची एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मिलिमीटर जाड प्लेट म्हणजे सात पॉइंट आठ पाच किलो. हा आकडा आमच्या घरात पाढ्यासारखा होता, प्रदीप बोलायला लागला तेव्हा त्यालाही यायचा. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी खिशात ठेवून कामावर जायचो, पाइपाभोवती एक चक्कर मारायचो, डोळे बारीक करायचो अन् वजन सांगायचो. क्रेनच्या काट्यावर तेवढंच निघायचं. फोरमन सगळ्यांसमोर म्हणायचा, रामटेके की आँख तराज़ू है. मी मिशीवरून हात फिरवायचो. घरी येऊन विमलला हे हसत हसत सांगायचो अन् तीही हसायची. तेव्हा त्यात मला काही वाटलं नाही. आता वाटते.

ही गोष्ट भिलाई मध्य प्रदेशात होती तेव्हाची. प्रदीप शाळेत होता, आम्ही सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये होतो. अंगणात एक आंब्याचं झाड, नळाला दोन वेळा पाणी, पाळीचा भोंगा वाजला की रस्ताभर सायकली. त्या वर्षी मोहफुलं पडायच्या दिवसांतच ऑफिसात नोटीस लागली, ट्रेसरमधून ड्राफ्ट्समन व्हायची खात्याची परीक्षा आहे म्हणून. विमल मॅट्रिक होती, ट्रेसरचा कोर्स केलेली. तिला दुसऱ्याच्या रेषेवर रेष ओढून आठ वर्षं झाली होती. ती मला म्हणाली, मले आता माही रेष काढायची आहे. एवढंच म्हणाली.

परीक्षेत एक पेपर वजनांचा. तीस नगांची यादी, प्लेटा, पाइप, अँगल, अन् प्रत्येकाचं वजन काढायचं. वेळ कमी. त्यासाठी तिला कॅल्क्युलेटर पाहिजे होता अन् कोणता ते तिनं पक्कं पाहून ठेवलं होतं. ऑफिसमध्ये एका इंजिनीअरकडे होता, जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडून मागून तिनं चार दिवस दाबून पाहिला होता. मला स्वयंपाकघरात पाटावर बसवून तिनं समजावलं.

"हे पाहा, पाइपाचं वजन काढायची रीत एकच. आकडे तेवढे बदलते. साध्या कॅल्क्युलेटरवर दरवेळी सगळं पयल्यापासून दाबा लागते. मधला जो येते, त्याच्यात रीत एकदा भरून ठेवायची. मंग फक्त लांबी सांगा, जाडी सांगा, तो वजन सांगते."

"अन् त्याच्याहून मोठा?"

"मोठ्यात एबीसीडीची बटनं राह्यते. तो परीक्षेत घेऊन बसू देत नाही. लोक त्याच्यात उत्तरंच लिहून आणतीन ना."

मला ते कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं कुणी म्हणेल, बिचारा अडाणी माणूस, त्याला काय कळते. मला सगळं कळलं होतं. तिनं एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहूनही घेतल्या. मधला. रीत भरता येणारा. अक्षरांची बटणं नसलेला.

त्या दिवसांत कामावर माझी थट्टा चालायची. बाईमाणूस ड्राफ्ट्समनच्या परीक्षेला बसून राहिली ही बातमी माझ्या टोळीत पोहोचली होती. देवांगन म्हणून माझ्या जोडीचा खलाशी होता, तिकडचाच, छत्तीसगडी, मनानं चांगला पण तोंडानं फटकळ. तो म्हणायचा, आता रामटेकेची बायको नकाशावर लोखंड काढीन अन् रामटेके ते डोक्यावर उचलीन. सगळे हसायचे, मीही हसायचो. विमलनं वाढलेल्या भातातही मला त्या दिवसांत खडे लागायचे, अन् भातात खडे नव्हते.

सुट्टीच्या दिवशी आम्ही सुपेल्याच्या बाजारात गेलो. मी सायकलवर, ती मागं कॅरिअरवर. तिनं निळ्या काठाची साडी नेसली होती. पैसे तिच्याच पगारातले. पाठीला माणसाचा आनंद कळतो. तिचा हात माझ्या खांद्यावर नेहमीपेक्षा हलका होता.

घड्याळांचं, रेडिओचं दुकान. काचेच्या कपाटात तीन-चार कॅल्क्युलेटर मांडलेले. अन् काउंटरशी देवांगन उभा. घड्याळाचा पट्टा बदलायला आलेला. मला पाहून हसला, विमलला पाहून नमस्कार केला अन् माझ्याकडे पाहून पुन्हा हसला. त्या दुसऱ्या हसण्यात काहीही नसेल. आज वाटते, काहीही नव्हतं.

शेठनं विचारलं, "किसके लिए चाहिए?"

सरळ प्रश्न. त्यानं यासाठीच विचारलं की त्याप्रमाणे दाखवावं. विमल माझ्या डाव्या हाताला होती, चिठ्ठी मुठीत होती.

मी म्हटलं, "फोरमन साहब के लिए. उन्होंने मँगाया है."

कुठून आलं ते तोंडात, मला माहीत नाही. माहीत आहे. देवांगनच्या हसण्यातून आलं. आता पाहा, एकदा ते बोललो की पुढचं सगळं त्याच्या मागं साखळीसारखं ओढत आलं. देवांगन म्हणाला, "साहब बर त बड़े वाला ले न गा. मंझला ला देख के ओकर मुँह फूल जही." मधला पाहून साहेबाचं तोंड फुगेल म्हणे. शेठनंही मान हलवली, साहेब लोक मोठाच नेतात म्हणाला, अन् खालच्या खणातून तो वीतभर लांब काढला. एबीसीडीची बटणं रांगेनं. मी हातात घेतला. वजनदार होता. मोठा दोर लहान वजन उचलतेच, असं माझं हाड बोललं.

मी विमलकडे पाहिलं नाही. ती दोन पावलं मागं सरकली होती, भिंतीवरच्या घड्याळांकडे तोंड करून. शेठला वाटलं वेगळं गिऱ्हाईक आहे. त्यानं आदरानं विचारलं, "बहनजी, आपको क्या दिखाऊँ?"

"कुछ नहीं, भैया," विमल म्हणाली. "घड़ियाँ देख रही हूँ."

त्या भिंतीवर दहा-बारा घड्याळं होती अन् प्रत्येकात वेगळी वेळ. मला तो आवाज अजून ऐकू येतो, सगळ्यांची एकाच वेळी न जुळणारी टिकटिक. ती बोलू शकत होती. मुठीत चिठ्ठी होती. पण ती बोलली असती तर देवांगनसमोर मी खोटा पडलो असतो. तिनं तिथंच, उभ्या उभ्या, तिची परीक्षा अन् माझं तोंड यातलं माझं तोंड निवडलं.

परत येताना चढावर मी सायकलवरून उतरलो, दोघं चालायला लागलो. रस्त्याच्या कडेला मोहफुलं वेचून चटईवर वाळत घातली होती. ती म्हणाली, "प्रदीपचे बाबा, मधला पाहिजे होता."

मी चढ्या आवाजात म्हटलं, मोठा आहे, जास्तच करीन ना काम. मग चार पावलांनी म्हटलं, उद्या जाऊन बदलून आणतो.

"बरं," म्हणाली.

परीक्षेला आठ दिवस होते. लोक म्हणतात, माणसाच्या हातून एक क्षण चुकतो. माझ्या हातून क्षण चुकला असता तर मी एवढा जळलो नसतो. माझ्या हातून आठ दिवस चुकले. रोज पाळी सुटली की मी सुपेल्याच्या रस्त्याला लागायचो. डब्याच्या पिशवीत तो काळ्या कव्हरातला कॅल्क्युलेटर. दुकानासमोर एक पाय जमिनीवर टेकवायचो. काचेतून शेठ दिसायचा. आत गेलो की तो विचारणार, साहब को पसंद नहीं आया? मग मी काय सांगायचं? एवढ्या एका प्रश्नाला भिऊन मी पुन्हा पॅडल मारायचो. पंचवीस टनांचं लोखंड डोक्यावर लटकत असताना त्याच्याखालून गेलेला माणूस मी. त्या दुकानाची एक पायरी मला चढवली नाही.

चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "आज तिकडून आले का?"

म्हटलं, गर्दी होती.

पुन्हा विचारलं नाही. स्वतः जाऊ शकली असती. गेली असती तर शेठला कळलं असतं. म्हणून गेली नाही. ऑफिसात कुणाचा मागितला तर घेतलेल्याचं काय झालं ते सांगावं लागलं असतं, म्हणून तोही मागितला नाही. त्याऐवजी संध्याकाळी ती अंगणात आंब्याखाली बसून शेजारच्यांकडून आणलेल्या लॉग टेबलच्या पुस्तकातून बोटानं आकडे शोधत राहायची. वाऱ्यानं पानं उलटायची, ती शाईचा ठिपका असलेलं बोट दाबून धरायची. मी खाटेवर पडून ते पाहायचो अन् डोळे मिटून घ्यायचो. वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीची तयारी चालू होती, निळे झेंडे शिवले जात होते, दर वर्षी त्या कामात पुढं असलेली विमल त्या वर्षी नव्हती. बायांना ती सांगायची, माहा पेपर आहे. तिच्या तोंडी तो 'पेपर' शब्द किती छान वाटायचा.

पेपर देऊन आली, चप्पल काढली, हंडा घेतला अन् नळाला लावला. पाणी पडायच्या आवाजात म्हणाली, "बावीस झाले. तीस होते."

हंडा भरून वाहायला लागला तरी दोघं तिथंच होतो.

यादीत तिचं नाव आलं नाही. पुढची परीक्षा निघायला तीन वर्षं लागली. तेव्हा ती ऑफिसचे हेड ड्राफ्ट्समन घोष बाबू यांचा मधला कॅल्क्युलेटर मागून घेऊन गेली अन् पास झाली. पण ती तीन वर्षं. तिच्या नंतर लागलेला माणूस ड्राफ्ट्समन झाला अन् तिनं त्याच्या पेन्सिलीवर शाई ओढली. रोज संध्याकाळी पदराला तोच अमोनिया. त्या वासानं मला ठसका लागायचा, अन् ती म्हणायची, पाणी देऊ का.

अन् तो मोठा कॅल्क्युलेटर? त्याचं इंग्रजी पुस्तक तिनं डिक्शनरी घेऊन सहा महिने वाचलं. त्यात पाइपाची रीत भरली, प्लेटांची भरली. परीक्षेत तो कधी बसला नाही. माझी वजनं काढायला मात्र मी रिटायर होईपर्यंत बसला. मी मापं सांगायचो, ती बटणं दाबायची, मी चिठ्ठी खिशात घालायचो. फोरमन बदलले, माझ्या डोळ्याचा तराजू काही बदलला नाही.

माफी मी मागितली नाही. तिनं विषय काढला नाही. आमच्याकडे नवरा-बायकोत माफी मागायची रीत नव्हती असं मी स्वतःला सांगत आलो. रीत नव्हती तर काढायची होती. तिच्या शेवटच्या महिन्यात, ती पलंगावर अन् मी खुर्चीवर, एकदा धीर करून म्हटलं, विमल, तो कॅल्क्युलेटर... ती छताकडे पाहत म्हणाली, "सेल संपले असतीन त्याचे." तिला कळलंच नव्हतं, का तिनं मुद्दाम बाजूला सारलं, मला आजही माहीत नाही. मी उठून सेल आणायला गेलो. दुकानातून येईपर्यंत तिला झोप लागली होती.

तिच्या पुण्यानुमोदनाला विहारात बरेच लोक आले. ड्रॉइंग ऑफिसची जुनी मंडळी आली, घोष बाबू काठी टेकत आले. त्यांना बोलायला सांगितलं. त्यांच्या बंगाली हिंदीत ते विमलच्या हाताचं कौतुक करत होते, तिची खरवडलेली रेष त्यांनाही ओळखू यायची नाही म्हणाले. मग हसले. म्हणाले, एक मज़ेदार बात बताता है. विमल बाई पहिल्या पेपरनंतर एकदा एवढा मोठा कॅल्क्युलेटर घेऊन ऑफिसात आली. परीक्षेत चालणार नाही असा. सगळे हसले, चार दिवस शिकवलं तरी हिनं हाच आणला म्हणून. घोष बाबूंनी तिला विचारलं, बाई, कुणी निवडला हा? तर म्हणाली, "मैंने ही ज़िद की, दादा. प्रदीप के बाबा तो मँझला बोल रहे थे, मैं ही नहीं मानी."

पुढं किती तरी वर्षं ऑफिसात तिला बडी मशीन म्हणून चिडवायचे. ती हसायची म्हणे.

विहारात लोक हसले. मरणाच्या कार्यक्रमात कुणी हसवलं की लोकांना बरं वाटते. घोष बाबू माझ्याकडे पाहून म्हणाले, रामटेके भाई ठीक बोला था, इनका बात मानना था. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. समोर तिचा फोटो, मेणबत्ती, पांढरी फुलं. माइक दोन हातांवर होता.

मी मान हलवली. अन् हसलो.

एवढं लिहायला मला तिसरा कागद घ्यावा लागला. दुकानात मी चाळिशीही न गाठलेला, मिशीवाला, थट्टेला भ्यालेला माणूस होतो, त्याचं एक वेळ समजता येईल. विहारात कोण होतं? थट्टा करणारा देवांगनही आता राहिला नाही. तिथं मी माझ्या मेलेल्या बायकोच्या फोटोसमोर, तिनं माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतलेली ऐकली, अन् ती तिच्याच अंगावर राहू दिली. तिनं माझी रेष खरवडली, नखानं घासून गुळगुळीत केली, अन् लोकांना कॉपी दाखवली. उजेडावर धरणारा मी एकटा उरलो आहे.

अन् परवा मयुरीला 'हो' म्हणालो. तिसऱ्यांदा.

आता ती शेवटच्या पेपरच्या तयारीत आहे. तिचा कॅल्क्युलेटर तिनं स्वतः पाहून आणला, कॉलेजात चालतो तोच, कुणाला विचारलं नाही. मी म्हणणार होतो, तिची परीक्षा संपली की सांगतो. मग मला ऐकू आलं, उद्या जाऊन बदलून आणतो. तोच आवाज. म्हणून आजच लिहून, घडी करून हे त्या काळ्या कव्हरात ठेवतो. टाचणी शोधायला ती पुन्हा कपाट उघडेलच. मयुरी, तुला मराठी वाचायला वेळ लागते, तर शेवटचं तेवढं वाच.

बाहेर वारा सुटला आहे, मोहफुलं पत्र्यावर पडून राहिली. शेठ काउंटरमागं उभा आहे, देवांगन पट्टा मनगटावर लावून पाहतो आहे, विमल माझ्या डाव्या हाताला आहे.

"किसके लिए चाहिए?"

मेरी पत्नी के लिए, शेठजी. ड्राफ्ट्समन की परीक्षा दे रही है. मँझला दिखाइए.